पाच तपकिरी कोट

धाकटीला आयुष्यात एकदा नवा कोट घ्यायचा होता, आणि घरात आधीच पाच कोट होते. अडचण एवढीच होती.

पाचही कोट थोरल्या बहिणीचे. थोरली शाळेत गणित शिकवायची. चार-पाच वर्षांनी एकदा नवा कोट घ्यायची, आणि दर वेळी तपकिरीच घ्यायची. तिला तपकिरी रंग आवडतो, असं सगळे धरून चालत. नवा आला की जुना धाकटीकडे यायचा. लहानपणी आईने घालून दिलेली ही पद्धत बंद करावी, असं पुढे कुणाच्या मनातही आलं नाही. दवाखान्यात बसून नंबर पुकारण्यात धाकटीची नोकरी सरली, परवा ती निवृत्तही झाली, तरी अंगावरचा कोट आधी ताईच्या अंगावरचा. त्यात ती थोरलीपेक्षा चार बोटं उंच. त्यामुळे बाह्या कायम मनगटाच्या वर, आणि हिवाळाभर मनगटं गार.

लहानपणी थोरलीच्या अंगावर नवा कोट चढला की धाकटी तिच्या मागे मागे फिरायची. जिन्यात, बागेत, चिखलाच्या कडेने. "ताई, जपून गं! मागून मी घालणार आहे!" एकदा थोरली कुंपणावरून पडली, तर हिने आधी कोटाचं कोपर तपासलं आणि मग बहिणीचं. घरात ही गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली होती की आता पाहुणेसुद्धा शेवट आधीच सांगत.

तर आता बाजाराच्या रस्त्यावर एका दुकानाच्या काचेत एक कोट लागला होता. गडद हिरवा, मोठ्या बटणांचा, बाह्या चांगल्या लांब. तीन आठवडे धाकटी भाजी आणायला मुद्दाम त्या रस्त्याने जात होती. काचेपुढे थांबायची, पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची आणि घरी यायची.

"घेऊन टाक की," नवरा म्हणाला.

"आणि हे पाच?"

"असू देत."

असू देत म्हणायला त्याचं काय जातंय! धडधाकट कोट खुंटीवर असताना नवा घेणं म्हणजे धाकटीच्या लेखी पापच होतं. आधी या पाचांची सोय लागायला हवी होती. फुकट वाटले तर ताईला वाटेल, टाकून दिले. विकले म्हणजे कसा मान राहतो. कोपऱ्यावर जुन्या कपड्यांचं दुकान होतंच. धाकटीने दोन मोठ्या पिशव्या भरल्या आणि निघाली.

काउंटरमागे आखूड केसांची, कानामागे पेन्सिल खोचलेली एक मुलगी होती. तिने पिशव्यांकडे पाहिलंही नाही.

"काकू, खरेदी फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. अकराच्या आत."

"आज मंगळवारच आहे."

"सव्वाअकरा झालेत."

पिशव्या आल्या तशा घरी गेल्या. शुक्रवारी धाकटी दहालाच दारात हजर. मुलीने पहिला कोट उचलला, नाकाशी नेला आणि असा काही चेहरा केला की धाकटीला स्वतःचीच लाज वाटली.

"डांबरगोळ्यांचा वास येतोय. वास गेला की आणा. आणि यांची बटणं बघा, दोन सैल आहेत, एक तर भलतंच आहे."

एवढं बोलून तिने मागच्या माणसाला हाक मारली. धाकटीच्या जिवाचा संताप झाला. पण ज्या बाईने तीस वर्षं रांगेतल्या लोकांना 'तुमचा नंबर गेला' असं सांगितलं, तिने रांगेत काय भांडावं? मुकाट्याने घरी येऊन तिने पाचही कोट गॅलरीत वाऱ्यावर टांगले आणि बटणं पक्की करायला बसली. भलतं बटण मात्र तसंच राहिलं, कारण तसलं बटण आता कुठे मिळत नव्हतं. शेजारीण गॅलरीतून विचारून गेली, "इतके पाहुणे आलेत का हो?"

आणि नेमकी तेव्हाच थोरली आली. काही न कळवता, नेहमीसारखी. गॅलरीकडे बघून ती दारातच थांबली.

"माझी अख्खी कारकीर्द वाळत घातलीस की!"

धाकटीने खोटं बोलायचा प्रयत्न केला, पण तिला ते कधी जमलंच नव्हतं. विकायला काढलेत, पण दुकानातली मुलगी घेत नाही, असं तिने खाली बघत सांगून टाकलं. हिरव्या कोटाचं मात्र बोलली नाही. थोरली दुखावेल या धास्तीने ती आणखी चार वाक्यं जुळवत होती, पण थोरलीचं लक्ष भलतीकडेच गेलं होतं.

"घेत नाहीत म्हणजे? माझे कोट? मी एकेक कसा वापरलाय! मंगळवारी मी येते तुझ्याबरोबर. बघू कशी घेत नाही ती मुलगी."

मंगळवारी दोघी पावणेदहाला दुकानाबाहेर उभ्या होत्या. थोरलीने पाचही कोट काउंटरवर असे मांडले, जसे काही तपासलेल्या वह्यांचे गठ्ठे. मुलगीही आज मनापासून बघत होती. वास गेला होता, बटणं पक्की होती. धाकटीची आशा वाढली. तिला काचेतला हिरवा रंग दिसायला लागला.

"काकू, कपडे छान ठेवलेत," मुलगी म्हणाली, "पण हे चार नाही चालणार. आमच्याकडे तीन वर्षांच्या आतले चालतात, नाहीतर पंचवीसच्या पुढचे. नवे चालतात आणि जुने चालतात. मधले नाहीत."

"मधले म्हणजे काय?" थोरलीने चष्मा सरळ केला. ज्या चष्म्याने वर्गच्या वर्ग गप्प बसत, तो चष्मा. "उत्तम लोकर, एक डाग दाखव!"

"डाग नाहीच आहे. म्हणून तर ना जुना वाटत, ना नवा. पण हा..." तिने सगळ्यात खालचा कोट ओढून काढला. अस्तर फाटलेला, भलत्या बटणाचा, धाकटीने केवळ संख्या भरावी म्हणून आणलेला. "हा मस्त आहे! असा आता मिळत नाही. हा घेते." तिने ड्रॉवरमधून एक कागद काढला आणि शिक्का मारला. "हे कूपन. याच दुकानात वापरायचं."

"पैसे?" धाकटीने विचारलं.

"पैसे नाही देत आम्ही. याच्यावर इथला दुसरा कुठलाही कोट घ्या ना! कितीतरी आहेत."

धाकटीने समोरच्या रांगेकडे पाहिलं. हँगरवर कोटच कोट. सगळे कुणाच्या ना कुणाच्या अंगावरून आलेले. आणि मग तिला एकदम रडूच आलं. भर दुकानात, साठीच्या बाईला.

"मला नको यातला," ती म्हणाली. "मला नवा कोट हवाय. बाजारातल्या काचेतला हिरवा. मला एकदा तरी असा कोट घालायचाय, जो आधी कुणी घातलेला नाही."

मुलीने कानामागची पेन्सिल काढून परत खोचली. थोरली बहिणीकडे वळली.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कशी बोलणार? तू एवढं जपून वापरायचीस. माझ्यासाठी."

"जपून!" थोरली म्हणाली. "अगं चिमे, सात वर्षांची असल्यापासून माझ्या मागे ओरडत फिरायचीस तू. तपकिरी रंग काय मला आवडतो? तपकिरीवर मळ दिसत नाही, म्हणून घेत आले. तुझ्याकडे स्वच्छ जावा म्हणून."

"म्हणजे तुला तपकिरी आवडत नाही?"

"डोळ्यासमोर नको होतो!"

धाकटीला नाक पुसता पुसता हसू फुटलं. थोरलीलाही. मुलगी बिचारी, काय झालं ते न कळून, तीही हसली.

थोरलीने कूपन उचललं. "हे मला दे." ती सरळ रांगेत शिरली आणि दहा मिनिटांनी एक कोट घालून आली. जांभळा, भडक, कॉलरला काळी किनार. जन्मात दुसऱ्या कुणाचं कापड अंगाला न लागलेली बाई ती. कॉलर जरा नाकापासून लांबच धरून म्हणाली, "कुणाचा असेल गं?"

"सवय होते," धाकटी म्हणाली. तिला या विषयातलं सगळं कळत होतं. "पहिले चार दिवस खिशात हात घातला की परका वाटतो. मग आपला होतो."

"आणि या चारांचं?"

"तेच विचारणार होते मी."

"माझ्या शाळेला देते. दरवर्षीच्या नाटकात इन्स्पेक्टर लागतातच. यंदा चार नाचवू देत."

बाजारातल्या दुकानात धाकटीने तो हिरवा कोट अंगावर चढवला. बाह्या मनगट झाकून वर बोटभर उरल्या. आरशात एक उंच, नीटस बाई उभी होती. तिने ऐटीत खिशात हात घातला, आणि हात गेलाच नाही. दुसऱ्या बाजूचाही तसाच. तिचा चेहरा पडला.

"अहो," ती दुकानदाराला म्हणाली, "याचे खिसे खोटे आहेत. मला वाटलंच होतं, काहीतरी असणार."

दुकानदार काही सांगणार, तोच थोरलीने त्याला हाताने थांबवलं.

"खोटे नाहीत गं. नव्या कोटाचे खिसे शिवलेले असतात. कच्चे टाके. घरी आणल्यावर कापायचे." तिने टाक्यांवरून बोट फिरवलं. "दर वेळी मीच कापायचे. तुला कुठून माहीत असणार?"

दुकानदाराकडून छोटी कात्री मागून घेऊन तिने ती धाकटीच्या हातात दिली. धाकटीने पैसे आधी चुकते केले, नको उगाच, आणि मग एकेक टाका कापला. खिशात हात घातला. आत गार, गुळगुळीत अस्तर. तिकिटाचा कपटा नाही, रुमाल नाही, ताईच्या खडूची भुकटी नाही. काहीच नाही. तिने दोन्ही हात खोलवर घातले आणि तशीच दुकानाबाहेर पडली.

बाहेर फुटपाथ ओला होता. कडेला पाणी साचलं होतं, आणि समोरून एक गाडी त्या पाण्याच्या दिशेने येत होती. धाकटीचं कुठे लक्ष होतं! ती खिशात हात घालून, मान वर करून चालली होती.

जांभळ्या कोटातली थोरली मागून ओरडली.

"चिमे, जपून गं! मागून मी घालणार आहे!"