कमलाची कळ

मी एक जुने बाकडे आहे, आणि मित्रांनो, मी रागावलेले आहे.

देश स्वतंत्र झाला त्या सुमारास आष्टीकडच्या सागातून सुताराने मला घडवले आणि दवाखान्याच्या ओसरीत ठेवले. आता बायाबापड्यांना जमिनीवर बसायला नको, म्हणून लोकांनी माझे कौतुक केले. पुढे माझा एक पाय कुजला, त्याखाली वीट आली. त्याचे मला काही नाही. माझा राग वेगळा आहे.

जवळच्या खेड्यातली कमला अंग दुखले की आईबरोबर माझ्यावर येऊन बसायची. पहिल्या खेपेला ती ओरडून रडली, दुसऱ्या खेपेलाही. ताप नाही, जखम नाही, म्हणून चंद्रभान कंपाउंडरने तिला नाटकवाली ठरवले. शाळा चुकवते, म्हणाला. ओसरी हसली. घरी आजीने बजावले, चारचौघांत रडायचे नाही.

पुढच्या खेपेला ती ओठ चावून बसली. पण या दवाखान्याची रीत अशी, की जो मोठ्याने रडेल तो आधी आत. चंद्रभान म्हणाला, "रडून नाई राह्यली, मंग कायचं दुखते इले?" आणि लाल औषध देऊन तिला परत धाडले. तिने माझी कड किती घट्ट धरली होती, ते मलाच ठाऊक. बाकड्याला कोण विचारतो?

मग कळ आली तरी मायलेकी घरीच राहिल्या. शेवटी कमलाला खाटेवर घालून आणले, तेव्हा तिचे डोळे पिवळे होते, धाप लागली होती. नवे डॉक्टर धावत आले आणि तिच्या आईवर, जिजाबाईवरच चिडले, इतका उशीर का केला म्हणून.

जिजाबाईने आवाज चढवला नाही. "आलो तं म्हनता काऊन आले, नाई आलो तं म्हनता काऊन नाई आले. रडली तं नाटक, नाई रडली तं दुखतच नाई. माह्या पोरीनं दुखावं कसं, थे तुमीच सांगा साहेब."

डॉक्टरांनी कमलाला स्वतः उचलून आत नेले. तिचे रक्त नागपूरला तपासले. त्यातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात आणि तिथे कळ उठते. दुखणे जन्माचे निघाले.

कमला वाचली. चंद्रभान आता तिला लगेच आत घेतो. यात मी आनंद मानायचा का? नागपूरने सांगण्याआधीही तिची हाडे तितकीच दुखत होती!

मित्रांनो, कळ दिसत नाही. तुमच्या वर्गात कोणी बाक घट्ट धरून गप्प बसले असेल, तर हसू नका. कुठे दुखते, विचारा. आणि सांगेल ते त्याच दिवशी खरे माना.