माझ्या पडद्यावर बैल उभा राहिला

मित्रांनो, मी एक जुना डब्बा टीव्ही आहे. पाठ ही एवढी फुगलेली, अंगावरचा रंग उडालेला. पण आज मला इतका आनंद झाला आहे, की कधी एकदा तुम्हाला सांगतो असे झाले आहे!

ऊसतोडीला जाणाऱ्या रामेश्वरने मला अंबाजोगाईहून जीपच्या टपावर बसवून धर्मापुरीजवळच्या आपल्या वाडीत आणले. तेव्हा सगळी वाडी माझ्यासमोर मांडी घालून बसायची. मी चित्र दाखवतो कसे, हे मात्र कोणी विचारले नाही. आता ऐकाच! माझ्या पोटातून एक किरण निघतो आणि पडद्यावर डावीकडून उजवीकडे रेघ उजळत जातो. टोकाला पोचला की बाहेरून इशारा येतो, 'फिर मागे!' मग तो काहीही न काढता, अंधारात झटकन डावीकडे येतो आणि पुढची रेघ धरतो. तळाला मोठा इशारा मिळतो, की स्वारी पुन्हा वर! सव्वासहाशे रेघांचे एक चित्र, आणि अशी सेकंदाला पंचवीस चित्रे. म्हणून तुम्हाला रेघा न दिसता चित्र दिसते. इशारे चुकले तर चित्र तिरपे होते, नाहीतर वर पळत सुटते.

पुढे अँटेनावरचे कार्यक्रम बंद झाले, हाताहातांत मोबाइल आले आणि माझ्यावर गोधड्या रचल्या गेल्या. फार वाईट वाटायचे हो.

काल तर कहरच झाला. आज टोळी ऊसतोडीला निघायची होती, म्हणून घरात आवराआवर चालली होती. तेवढ्यात भंगारवाला सिदू दारात आला.

"घिऊन जा बे हा डब्बा," रामेश्वर म्हणाला. "लई जागा खातोय."

"आबा, थांबा की!" त्याची आठवीतली लेक मोहिनी धावत आली. तिने शाळेतून आणलेले छोटे सर्किट वायरीने माझ्या पाठीला जोडले. मोबाइलवरून त्यात स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम भरला होता. माझ्यावर तिला बैल काढायचा होता. "चित्र दिसलं तर ठिवायचा का?"

"सिदूचा चहा होईपतोर बघ. न्हाईतर गेला."

माझा जीव त्या कपबशीत अडकला.

मोहिनीने बटण दाबले. बैल आला, पण कसा! शिंगांत शेपूट, शेपटात शिंगे, आणि सगळा तिरपा होऊन वर पळतोय.

"आरं, ह्यो बैल तर वारं प्यालाय!" सिदू खो खो हसला.

मोहिनी रडकुंडीला आली. "आबा औत हाकतात तसंच केलं मी. ह्या टोकाला गेलं, वळलं, की येताना दुसरं तास, म्हंजी दुसरी रेघ."

अगं वेडे, माझा किरण म्हणजे औत नव्हे! तो येताना तास धरत नाही! पण मला कुठला आवाज?

तिची आई मंगल वळकटी बांधता बांधता जवळ आली. "एकाआड एक रेघ उलटी दिसती बघ."

मोहिनी टक लावून पाहू लागली. "माय, म्हंजी हा परत येताना काढीतच न्हाई! रिकामा येतो!"

"मग यीना का. मी बी मोळी गाडीत टाकून मोकळ्याच डोक्यानं उसाच्या फडात येते. यायला येळ लागतोच की."

"तेवढा येळच म्या ठिवला न्हाई! तळातून वर जायलाबी न्हाई!"

आणि मोबाइलवर मोहिनीची बोटे काय चालली म्हणता! प्रत्येक रेघ डावीकडून. रेघ संपली की इशारा आणि परतीला मोकळा वेळ. तळाला मोठा इशारा. सिदूने बशीतला शेवटचा घोट घेतला तेव्हा तिने बटण दाबले.

चित्र एकदा थरथरले आणि बैल उभा राहिला! चारी पायांवर, शिंगे शिंगांच्या जागी! मी आनंदाने नुसता गुणगुणत होतो.

रामेश्वर उकिडवा बसून पाहतच राहिला. मग म्हणाला, "जा सिदू. हा न्हाई देत." त्याने स्वतःच्या हाताने मला पुसले आणि फळीवर ठेवले.

आज पहाटे टोळी गेली. मोहिनी आजीपाशी राहिली. निघताना रामेश्वरने डोळे पुसले आणि तिला सांगितले, "पोरी, आमी येईपतोर ह्या बैलाला चालाया लाव."

मित्रांनो, तुमच्या घरात कोपऱ्यात पडलेले असे कोणी असेल, तर भंगारात देण्याआधी त्याच्या कामाची रीत एकदा समजून घ्या. मला आता बोलायला सवड नाही. मोहिनी सकाळपासून समोर बसली आहे, आणि आत्ताच, दुपारी, बैलाने पुढचा एक पाय उचलला आहे!