बंद करण्याआधी कळवावे

“हा काय निबंध लिहितेस गं, कहकशा?” गिरधर सरांनी खुर्ची न सोडता विचारलं. “‘वेबहुक बंद करतं.’ संपलं.”

“एजंटला, सर, वाचून कळतं तेवढंच कळतं. अवजार कधी वापरायचं, कधी नाही, वापरल्यावर काय होतं, आधी कोणाला सांगायचं, सगळं लिहावं लागतं.”

“लिही बाई. कोण वाचतंय?”

“एजंट वाचतो, सर.”

सर हसले आणि न वाचताच मंजुरीचं बटण दाबून मोकळे झाले. धुळ्याच्या त्या कंपनीत सर काहीही वाचत नसत. वाचणं हे पगारी लोकांचं काम, असं त्यांचं मत होतं.

कंपनीचा धंदा साधा होता. केळी पिकवायच्या चेंबरमध्ये तापमान चढलं की तिथल्या माणसाचा फोन गजरासारखा वाजायचा. हा निरोप आपोआप पोचवणाऱ्या जोडणीला वेबहुक म्हणतात. आता या जोडण्या सांभाळायचं काम एका एआय एजंटकडे द्यायचं होतं, आणि त्याच्या हाती दिलेल्या प्रत्येक अवजाराचं वर्णन कहकशा लिहीत होती.

सरांना एक सवय होती. गिऱ्हाईक जास्त बोललं की ते त्याचं वेबहुक गुपचूप बंद करत. नुकसान झालं की माणूस नरमतो. विचारलंच तर, नेटवर्क गेलं होतं. मागच्या उन्हाळ्यात सोनगीरच्या हिलालभाऊंनी तक्रार केली, आणि त्याच रात्री त्यांच्या चेंबरचा गजर वाजला नाही. केळी उकडून निघाली. राखणीला सरदारचाचा होते, कहकशाचे अब्बा. ते झोपले होते हे खरं. गजर वाजला की उठायचं, हीच तिथली पद्धत होती. हिलालभाऊंनी चार माणसांत ‘झोपाळू’ म्हणून त्यांना हाकललं. गजर आपणच बंद केल्याची ही गंमत सरांनी चहा पिताना सगळ्या ऑफिसला सांगितली. चेंबरवर कोण होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सगळे हसले. कहकशाही हसली. घरात आता एकच पगार उरला होता, म्हणून अब्बांनाही तिनं काही सांगितलं नाही.

तेव्हापासून अब्बा दिवसा आडवे झाले नाहीत. दारात खुर्ची टाकून ताठ बसायचे. डुलकी आलीच तर उठून तोंड धुवायचे.

बंद करायच्या अवजाराचं वर्णन तिनं पुन्हा पुन्हा घासलं. शेवटी ते असं झालं: ‘हे अवजार वेबहुक बंद करतं. त्यानंतर गजर वाजत नाही. माल खराब होऊ शकतो. बंद करण्याआधी गिऱ्हाइकाला कळवावं: कोणी सांगितलं, काय कारण दिलं, आणि याआधी कधी व कोणी बंद केलं होतं.’ यात एक अक्षर खोटं नव्हतं. कुठल्याही चांगल्या कंपनीत असंच लिहितात. मग ती वाट बघत बसली. वैर इतकं निवांत बसून धरता येतं, हे तिला नव्यानं कळलं.

मार्चमध्ये हिलालभाऊंनी पुन्हा तक्रार केली. सरांनी एजंटला फर्मावलं, “सोनगीरचं बंद कर. फार बोलतो.”

एजंटनं वर्णन वाचलं, जुन्या नोंदी पाहिल्या आणि हिलालभाऊंना कळवलं: ‘गिरधर सरांच्या सांगण्यावरून तुमचा गजर बंद होत आहे. कारण: फार बोलतो. याआधी मागच्या मे महिन्यात त्यांनीच बंद केला होता.’ पुढे त्या रात्रीची तारीख होती. आणखी काही मदत हवी आहे का, असंही त्यानं अदबीनं विचारलं होतं.

सोनगीरहून सरांना फोन आला. फोन ठेवल्यावर सर म्हणाले, “हे कोणी लिहिलं?”

“मी, सर. मंजूर तुम्ही केलं.”

“उद्यापासून येऊ नकोस.”

“बरं.” डबा तिनं आधीच पिशवीत घातला होता.

घरी येऊन तिनं अब्बांना सगळं सांगितलं.

“मतलब वो बजाच नहीं था.”

“नहीं, अब्बा.”

त्यांनी खुर्ची आत घेतली, दारात खाट टाकली आणि भर दुपारी आडवे झाले.

थोड्या वेळानं हिलालभाऊंची गाडी दारात थांबली. हातात सफरचंदांची पिशवी होती. केळी आणायचा धीर झाला नसावा.

“बेटी, बठ्ठं समजी गयं माले. सरदारभाऊले उठाड. बोलनं शे.”

कहकशानं खाटेकडे पाहिलं. अब्बा तोंड उघडं टाकून घोरत होते. येणारे-जाणारे वळून बघत होते.

“अब्बा झोपलेत,” ती म्हणाली. “बसा.”

तिनं अब्बांची खुर्ची आणून बाहेर उन्हात ठेवली. हिलालभाऊ त्या खुर्चीवर ताठ बसून राहिले.