आठ मिनिटं आधीची घंटा

"झाडू."

कुणीतरी म्हणालं आणि मी शिडीवरनं खाली बघितलं. आवाज ओळखीचा होता, रोज घरात ऐकतो तोच. पण शाळेच्या आवारात तो मी कधी ऐकला नव्हता. खाली व्हरांड्यात माझी नात उभी होती, आमची ठकी, आणि तिच्यासमोर ती परदेशी पोरगी. दातांना तारा, डोक्यावर निळी टोपी, नळाच्या पाइपासारखी उंच. भिंतीला टेकवलेल्या माझ्या झाडूकडे बोट दाखवून विचारत होती.

"जाडू," ती म्हणाली.

"जाडू नाही. झ... झ... झाडू."

ठकी अडखळली, पण गप्प नाही बसली. मी वर जळमटं काढत होतो, ती सगळी माझ्या डोक्यावर आली तरी मला पत्ता नाही.

ठकीचे शब्द अडकतात, अगदी बोलायला लागली तेव्हापासून. घरी निदान थोडं बोलते. शाळेत चौथीपर्यंत आली, पण तोंड म्हणून उघडलं नाही. बाईंनी काही विचारलं की ती आधी खिडकीकडे बघायची. खिडकीत मी असायचोच. मी या शाळेचा शिपाई, घंटा माझी, फाटक माझं, आणि ठकीचं तोंडही मीच. "पाणी प्यायचंय म्हणते, बाई." "गणित झालंय तिचं, वही बघा." बाई म्हणायच्या, "काका, तुम्ही नसता तर या पोरीचं काय झालं असतं?" ऐकून बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटायचं.

त्यात हे पाहुणे आले. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा शाळेतली चौदा पोरं आणि दोन मास्तर. पाच दिवस राहणार, आपल्या पोरांना शिकवणार, त्यांच्यात मिसळणार. मोठ्या सरांनी भिंती रंगवून घेतल्या, मला नवा शर्ट दिला. एकेका पाहुण्याला आपलं एकेक पोर जोडून दिलं. ठकीच्या वाट्याला ही तारवाली आली.

मी मनात म्हटलं, गेलं. ही शिकवणार काय आणि आमची बोलणार काय.

पण झालं भलतंच. शिकवायला आलेल्या त्या पोरीला नळाला काय म्हणतात ते माहीत नाही, फळ्याला काय म्हणतात ते माहीत नाही. अख्ख्या शाळेत ठकीपेक्षा कमी कळणारं माणूस पहिल्यांदाच आलं होतं. मग काय, ठकी तिचा हात धरून शाळाभर फिरवायला लागली. दप्तर, खडू, पायरी, मुंगी. तारवाली वहीत लिहून घ्यायची आणि चुकीचं म्हणायची, की ठकी कमरेवर हात ठेवून पुन्हा सांगायची. अगदी बाईंसारखी.

घरीही तेच. तारवाली अशी हसली, तारवालीकडे कुत्रा आहे, तारवालीला भोपळा म्हणता येत नाही. मी घास नुसता फिरवत बसलो होतो.

"अहो," आमची म्हातारी म्हणाली, "घरात सवत आल्यासारखं तोंड काय करून बसलाय?"

"मी काही म्हटलं का?"

"म्हणायला कशाला लागतंय? आज भाजीत मीठ पडलंच नाही, तेही कळलं नाही तुम्हाला."

ठकी खुदकन हसली. मी ताट घेऊन उठलो. म्हटलं, नऊ वर्षं हिला खांद्यावर घेऊन फिरलो, औषधं आणली, कुणी नक्कल केली तर त्याच्या बापाशी भांडलो. आणि ही कालची पोरगी, जिला धड झाडू म्हणता येत नाही, तिनं तीन दिवसांत नेली की माझी नात.

चौथ्या दिवशी शेवटच्या तासाला पोरांनी पुढं येऊन बोलायचं होतं. प्रत्येकानं आपल्या पाहुण्याला काय काय शिकवलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. ठकीचा नंबर शेवटचा. मी आपल्या खिडकीत उभा होतो. बाईंनी नाव घेतलं. ठकी उठली. आता बघेल माझ्याकडे, म्हणून मी पुढं सरकलो. तोंडात शब्द तयार.

तिनं बघितलं. पण तारवालीकडे.

मी तिथून निघालो तो थेट घंटेपाशी. ऑफिसातल्या घड्याळात सुटायला अजून आठ मिनिटं होती, ते मी चांगलं बघितलं. मनाला सांगितलं, पोरीची फजिती व्हायला नको, म्हणून वाजवतोय. आणि हाणले टोले.

शाळा सुटल्याची घंटा झाली की पोरांना धरून ठेवायला कुणाच्या बापाला जमत नाही. धरण फुटल्यासारखी पोरं बाहेर आली. पाहुण्यांची गाडीही फाटकाबाहेर लागलेली होती. पाच मिनिटांत सगळं आवार रिकामं झालं. मोठे सर आणि बाई माझ्याजवळ येऊन उभे राहिले, तेवढ्यात ठकी ऑफिसात डोकावली, घड्याळ बघून माझ्यासमोर आली.

"आजोबा. अजून व... व... वेळ होता."

"घड्याळ मागं पडलंय गं ते."

"नाही पडलं."

सरांनी मनगट बघितलं आणि हसले. "चालायचंच, काका. इतक्या वर्षांत एकदा चूक झाली तर काय बिघडलं?"

सर मला वाचवत होते. हो म्हटलं असतं तर मिटलं असतं. पण ठकी डोळे रोखून बघत होती, आणि तिच्याशी आजवर मी कधी खोटं बोललो नव्हतो. आत्ताचं ते पहिलंच.

"चूक नाही, सर," मी म्हणालो. "मुद्दाम वाजवली."

ठकी दप्तर उचलून चालायला लागली. घरी आली, जेवली, आजीच्या कुशीत जाऊन झोपली. माझ्याशी एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पाहुणे जायला निघाले. गाडी आवारात आली, बॅगा चढल्या, पोरं हात हलवायला लागली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी फाटकाला कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरून सगळे खिसे चाचपायला लागलो.

"काका, उघडा ना!" सर ओरडले. "विमान आहे त्यांचं!"

"किल्ली सापडेना, सर. आठेक मिनिटं लागतील."

सर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बाईंकडे बघितलं. बाई खाली वाकून ठकीच्या कानात काहीतरी बोलल्या.

ठकी पायरीवर चढली. तारवाली गाडीतून उतरून समोर येऊन उभी राहिली, टोपी हातात. ठकीनं सगळ्यांसमोर एकेक वस्तू दाखवली. हा नळ. ही पायरी. हे आमचं फाटक. मग माझ्याकडे बोट केलं.

"हे माझे आ... आ... आ..."

पोरांत कुणीतरी फिसकन हसलं. शब्द माझ्या जिभेवर आला. आजवर मी तो असाच पुढं करत आलो होतो, तिचा अडकला की माझा तयार. तारवाली मात्र नुसती उभी होती. पुढचा शब्द कुठला हे तिला ठाऊकच नव्हतं, म्हणून ती वाट बघत होती. कितीही वेळ बघितली असती. मी ओठ दाबून धरले. किल्ली तळहातात रुतली.

"आजोबा," ठकी म्हणाली.

मी फाटक उघडलं.

संध्याकाळी मी सगळे वर्ग बंद करून बाहेर आलो, तर ठकी माझ्यासाठी थांबली नव्हती. वर्गातल्या दोन पोरींबरोबर पुढं चालली होती, हातवारे करत काहीतरी सांगत. मी हाक मारणार होतो, नाही मारली. पावलं आखूड केली. रस्त्याच्या मधोमध तिचा शब्द अडकला असावा, कारण त्या दोघी चालायच्या थांबल्या आणि तिच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. वीस पावलं मागं मीही उभा राहिलो.

मागून सायकलवाला आला. "काका, रस्त्यात काय उभे राहिलात? सरका की!"

"थांब जरा," मी म्हणालो. "पोरगी बोलतेय."