तीन वर्षं आंघोळ करणारा मुलगा

"बाळ आंघोळीला गेलाय," चारशे एक नंबरच्या घराच्या दारातून स्वयंपाकीणबाई म्हणाली.

प्यो गिलजाने उंबऱ्याशी नजर टाकली. तेच निळे बूट, एकशे नव्वद मिलिमीटर मापाचे. पोरगं पहिलीत होतं तेव्हा एकशे नव्वद, आता तिसरी संपत आली तरी एकशे नव्वद. तळव्याला मातीचा कण नाही. आणि गिलजा सकाळी येवो, दुपारी येवो, सणाच्या आदल्या दिवशी येवो, स्वारी आपली आंघोळीलाच! तीन वर्षं पाण्यात राहिलेलं पोर एव्हाना साबणाच्या वडीसारखं विरघळून हान नदीला मिळालं असायला हवं होतं.

गिलजा या गल्लीची प्रमुख. वय त्रेसष्ट, गुडघे कुरकुरणारे, नवरा गेल्यापासून एकटी. वर्षातून एकदा दारोदार हिंडायचं, यादीतलं माणूस खरंच त्या घरात राहतं का ते बघायचं आणि शिक्का मारायचा, हे तिचं काम. उतारावरच्या शाळेत पोर घुसवायला लोक काय वाटेल ते पत्ते देत. कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात कागदोपत्री नऊ पोरं नांदत होती; आरशातली धरली तर अठरा. खोट्या पत्त्याला तीन वर्षं कैद नाहीतर तीन कोटी वॉनपर्यंत दंड, असा कायदा. गिलजाने तो अकरा वर्षं देवाच्या आज्ञेसारखा पाळला.

मागच्या वर्षी तिने दोन नावांपुढे 'इथे राहत नाही' असं लिहिलं. एक हा आंघोळवाला. दुसरी दाऑन, तळघरातल्या शेवयावाल्या म्हातारीची नात्यातली पोर. तिची आई मीरान नदीपलीकडे एका खानावळीत भांडी घासायची आणि मागच्याच खोलीत राहायची. दाऑन आठवड्यातल्या तीन रात्री म्हातारीच्या कुशीत झोपायची, उरलेल्या चार आईकडे. गिलजाने बोटांवर मोजलं. तीन म्हणजे साताच्या निम्मेही नाहीत. नियम म्हणजे नियम.

पंधरा दिवसांत मीरानला पोलिसांचं बोलावणं आलं. कोर्टाने दंड ठोठावला, शाळेने पोरीच्या हातात दाखला दिला. चारशे एकचा कागद मात्र चौकशीच्या ढिगात असा तळाला गेला, की पुन्हा वर आलाच नाही.

मग एका दुपारी गिलजा जेवत असताना टीव्हीवर त्या आंघोळवाल्या मुलाचा बाप दिसला. मंत्रिपदासाठी त्याचं नाव निघालं होतं आणि सभागृहात उलटतपासणी चालली होती. "थोरल्या मुलीच्या शाळेसाठी पत्ता खोटा दिला होता," तो म्हणाला. "बापाचं काळीज हो! जनतेची क्षमा मागतो." आणि कमरेत काटकोनात वाकला. धाकट्याबद्दल कुणी विचारलंच नाही. तो आंघोळीत होता. आठवड्याने साहेब मंत्री झाले.

गिलजाच्या तोंडातला मुळ्याचा घास शेणासारखा झाला. तो कागदात थुंकून ती टीव्हीला म्हणाली, "मेल्या, वाकल्याने शिक्षा माफ होत असेल, तर मीरान रोज बारा तास भांड्यांवर वाकलेली असते!"

मीरान काल आली होती. भांडायला नव्हे. हातात कापडी पिशवी.

"मावशी, ह्या दाऑनच्या वर्गात घालायच्या चपला. म्हातारीकडे राहिल्या होत्या. नव्या शाळेत दुसऱ्या लागतात. इथल्या कुणाच्या पोराला झाल्या तर द्या. तुम्हाला सगळ्यांच्या पायांची मापं पाठ आहेत."

"पोरगी रागावलीय का गं माझ्यावर?"

"नाही. एवढंच म्हणते, एक रात्र कमी पडत होती तर प्रमुख आजींनी आधी सांगायचं ना. मी चार रात्री झोपले असते."

गिलजा रात्रभर तोच हिशोब बोटांवर करत बसली. तीन, चार. तीन, चार.

आज सकाळी ती शिक्का घ्यायला गेली तेव्हा वॉर्ड कार्यालयातला कारकून गोडीत आला होता. "प्रमुखबाई, चारशे एकला 'राहतो' लिहून टाका बघू. पुढच्या महिन्यात तुमची नेमणूक वाढवायचीय, नाही का?"

"आणि पोरगं दिसलं नाही तर?"

"असेल की आंघोळीला!" आणि स्वतःच्याच विनोदावर तो खिंकाळला. अख्ख्या कार्यालयाला ती आंघोळ ठाऊक होती तर! गिलजा यादी उचलून चालू लागली.

आता स्वयंपाकीणबाई दार लोटू लागली. "मारा की शिक्का, ताई. कढईत भाजी आहे माझी."

"मारते की. बाळाला भेटून."

"अहो, त्याला वेळ लागेल."

"लागू दे. तीन वर्षं लागली, आणखी तासभर." गिलजाने बूट काढले आणि उंबऱ्याच्या कडेवर बसकण मारली.

बाई गोंधळून आत पळाली. न्हाणीघराचा नळ धो धो सुटला. "बाळ, आटप हं लवकर!" ती रिकाम्या खोलीला ओरडली, शेवटी आवाज चिरकला.

गिलजाने पिशवीतून दाऑनच्या चपला काढल्या. दोनशे वीस मापाच्या. पांढरं कापड राखाडी झालेलं, अंगठ्याशी भोक, मागे शाईने काढलेलं नाव, तळवे झिजून पातळ. तिने त्या निळ्या बुटांशेजारी नीट लावून ठेवल्या. शिक्का डबीत घालून झाकण बंद केलं आणि गुडघे चोळत बसून राहिली.

आत पाणी वाहत होतं, कुणाच्याच अंगावरून न जाता.