बाटलीवरचे काळे केस

मधाच्या बाटल्यांवर घरच्या सगळ्यांचा फोटो छापायचं ठरलं, तेव्हा सासूबाई सहज बोलून गेल्या, "आमच्यात सगळ्यांचे केस मधाच्या रंगाचे. सूनबाईचेच तेवढे काळेभोर! गिऱ्हाइकाला वाटेल, शेजारीण मधेच येऊन उभी राहिली." सगळे हसले. सूनबाईही हसली. सासूबाईंच्या जिभेला हाड नव्हतं आणि त्याचं त्यांना थोडं कौतुकच होतं.

फोटोच्या दिवशी सकाळी त्या अंगणात मधपेट्या बघत होत्या. फुलांचे दिवस सरलेले, माश्या उपाशी आणि चिडलेल्या. अशा वेळी मधाचा थेंबसुद्धा उघडा ठेवायचा नाही, हे त्या घरातलं मांजरही जाणून होतं. सूनबाई मात्र घरात नवी. पेट्यांतल्या माश्या एकाएकी गच्चीकडे वळलेल्या दिसल्या, आणि सूनबाई गच्चीवरच होती. गुडघेदुखी विसरून सासूबाई जिना चढल्या.

सूनबाई उन्हात बसली होती. मोकळे सोडलेले केस पाण्यात कालवलेल्या मधानं निथळत होते आणि त्यांवर माश्या घोंगावत होत्या. मागे एकच माशी चावली, तर पोरीचा घसा सुजून श्वास अडकला होता. पुन्हा चावली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यासाठीचं इंजेक्शन होतं, पण ते मुलाच्या गाडीत, आणि मुलगा फोटोग्राफरला आणायला गेलेला.

"आई..." ती ओठ न हलवता पुटपुटली.

"हलू नकोस. हात वर नेऊ नकोस. मध प्यायला आल्यात त्या, तुला चावायला नाही."

हे खरं होतं, पण अर्धंच. केसांत अडकलेली माशी घाबरून डंख मारते.

"डोळे मीट. मी नेईन तशी चल."

सासूबाईंनी तिला हाताला धरून हळूहळू जिन्याजवळच्या खोलीत नेलं, दार लावलं, पडदे ओढले आणि खिडकीची एक फट तेवढी ठेवली. अंधारातली माशी उजेडाकडे जाते. एकेक करून माश्या फटीतून बाहेर पडल्या. खोली शांत झाली.

तेवढ्यात सूनबाईच्या कानामागे भणभण सुरू झाली. एक आत गुंतली होती.

सासूबाईंनी विचार केला नाही. उघडा हात केसांत घातला आणि मूठ आवळली. डंख तळहातात घुसला, डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"गेली?"

"गेली. कुणी सांगितलं तुला हे?"

"मोबाइलवर वाचलं. मधानं घरच्या घरी केस उजळतात म्हणे. फोटोत मी शेजारीण वाटायला नको होते."

सासूबाईंना हाताच्या ठणक्यापेक्षा स्वतःची लाज जास्त वाटली. त्यांनी तिला न्हाणीघरात नेलं आणि स्वतः तिचे केस धुतले. केस होते तसेच काळेभोर निघाले.

दुपारपर्यंत सासूबाईंचा हात टम्म सुजला. "आजी, हात मागे घ्या, फोटोत बरा दिसणार नाही," फोटोग्राफर म्हणाला.

कडेला उभ्या सूनबाईला त्यांनी ओढून मधोमध उभं केलं आणि सुजलेला हात तिच्या खांद्यावर ठेवला.

"दिसू दे," त्या म्हणाल्या. "सून आहे माझी."

बाटलीवर तोच फोटो आहे.