डाव्या पिळाचा दोर

मी तारेचा खांब बोलतोय. हळूच बोलतो, कारण डोक्यावरची तार कुणाची आहे हे मला ठाऊक आहे.

पूर्वी मी कोरियातल्या सोलमे गावाच्या खिंडीत उभा असलेला पाइन होतो. वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला गावकरी मला पेंढ्याचा दोर बांधत. रोजचा दोर उजव्या पिळाचा, माझा मात्र डाव्या पिळाचा. उलट्या पिळाला भुतं बिचकतात म्हणे. मग बुंध्याशी तांदळाची दारू ओतत आणि प्रत्येक जण एकेक दगड ठेवी.

परक्या फौजांची लढाई आमच्या मुलखात आली. त्यातल्या एका फौजेचे आगगाडीचे रूळ उत्तरेकडे निघाले, त्यांच्या कडेनं निरोप धाडायची तारही न्यायची ठरली. तिथंच त्या फौजेचे दोन साहेब भांडले.

"माझ्या भरावात खड्डे खणू नका, माती अजून कच्ची आहे," रुळांचा इंजिनियर म्हणाला.

"मग लढाई तुमच्या मातीवर लिहून कळवू का?" तारेचा अधिकारी ओरडला.

अखेर मला तोडून भरावाच्या पायथ्याशी, जवाच्या शेतात पुरलं. गावाला हुकूम झाला: तार तुटली आणि गुन्हेगार मिळाला नाही, तर त्या महिन्याच्या राखणदाराची मान जाईल.

पहिल्या महिन्याची पाळी दक्सू म्हाताऱ्याची होती. त्यानं माझ्या लाकडातली जुनी गाठ चाचपली आणि मला ओळखलं. पौर्णिमेला तो दोर घेऊन आला.

"अहो, खांब आहे तो! देव कधीच गेला," त्याची बायको वोलसेम म्हणाली.

"पाय तोडले म्हणून बाप परका होतो का गं?"

"तुमचं डोकंही लाकडाचंच!" असं म्हणत तिनंच दोराचं दुसरं टोक धरलं.

नेमकी त्याच सकाळी तार मुकी झाली. दोन्ही साहेब शिपाई आणि एक दुभाष्या घेऊन आले. दुभाष्यानं दोर बोटांत फिरवला.

"हा उलटा का वळलाय? कुणाला खूण केलीस?"

"देवाचा आहे, साहेब."

"खांबाला देव? आम्हाला खुळे समजतोस?"

"मी म्हणालोच होतो," इंजिनियर म्हणाला, "गावकरीच तार तोडतात."

त्याच दोरानं दक्सूला माझ्याशी बांधलं. गुन्हेगार हजर करायला गावाला संध्याकाळपर्यंत मुदत दिली. त्याच्या छातीची धडधड माझ्या लाकडात उतरत होती. इतकी वर्षं ज्या दोरानं मला धीर दिला, त्याची आता मला भीती वाटू लागली.

वोलसेम रडली नाही. पदर खोचावा तसा घागरा कमरेला खोचून ती तारेखालून चालत सुटली. ऊन कलताना परतली, तेव्हा तिच्या हातात खांबाची एक ढलपी होती. तिला तांबडा रंग लागला होता आणि आत खडी रुतलेली होती.

"वळणावरचा खांब आडवा झालाय," ती धापा टाकत म्हणाली. "आमच्या बैलगाड्यांना कुणी तांबडा रंग लावत नाही, साहेब."

रुळांवरून खडी वाहणाऱ्या वाघिणी तेवढ्या तांबड्या होत्या. तारेच्या अधिकाऱ्याचा चेहरा उजळला. "वा! तुमचा भराव खचला आणि तुमचीच वाघीण कलंडली!" तो इंजिनियरला म्हणाला. दोघांची जुंपली. मधेच तारेच्या अधिकाऱ्यानं मागं न बघता हात हलवला, "सोडा त्या म्हाताऱ्याला."

दक्सू निर्दोष होता म्हणून वाचला नाही. त्यांचं भांडण शिल्लक होतं, म्हणून वाचला.

वर्ष झालं. माझ्यातून सतत गुणगुण जाते. ती भाषा मला कळत नाही. प्रत्येक गुणगुणीत सोलमेच्या कुणाचं तरी नाव असेल, असं वाटून मी शहारतो.

आज पुन्हा पहिली पौर्णिमा. दक्सू आला नाही, तो आता माझ्याकडे बघतही नाही. वोलसेम एकटीच आली. इकडेतिकडे पाहून तिनं ओटीतला एक दगड माझ्या पायाशी ठेवला.

"यंदा दोर नाही हं, बाबा. रागावू नकोस."

राग कसला? पोरी, तो दगडही उचल. हे लोक दगडसुद्धा मोजतात. माझ्याजवळून जाताना मान खाली घाला, मला विसरलात असं दाखवा. मी तुम्हाला ओळखतो, तेवढं पुरे आहे.